दूधवाल्याने पाहिलेल्या उल्का

17 नोव्हेंबर 1998 च्या रात्री आजोबांनी मला चेतकवर मागे बसवलं आणि आम्ही चांदबीबीच्या महालाकडे निघालो. शहा डोंगरावरची ती वास्तू खरं म्हणजे सलाबतखानाची कबर. पण नगरमध्ये सलाबतखानाचा पत्ता विचारलात तर समोरचा तुमच्याच तोंडाकडे बघत राहील. मी बारा वर्षांची. अंगात दोन स्वेटर, डोक्याला आजीची शाल, मांडीवर चहाचा थर्मास. आजोबांच्या पिशवीत घोंगडी, वही, शिसपेन्सिल आणि काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधलेली बॅटरी. लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत, अंधाराची सवय मोडत नाही, असं त्यांनी मला वाटेत तीनदा सांगितलं. मिशनच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. शिवाय मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, वडील (एल्डर), त्यामुळे रविवारी मुलांची शब्बाथ शाळाही त्यांच्याकडेच. दोन्हीकडे आवाज एकच, आणि खडू हातात नसला की बोटं चोळायची सवयही तीच.

त्या रात्री सिंह राशीतून उल्कांचा पाऊस पडणार होता. सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. साधारण सव्वा वाजता सर्वांत जोर, आणि जगात सर्वांत चांगलं दिसणार ते आशियातून. अमावस्या दोन दिवसांवर, म्हणजे चंद्राचाही अडथळा नाही. वर कॉलेजची काही मुलं आधीच येऊन बसली होती. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता, भेळेचा मोठा पुडा होता आणि उत्साह तर विचारूच नका.

सव्वा वाजला. दीड वाजला. एखादी रेघ इकडे, एखादी तिकडे. मुलं दोनला उठली. ‘फसवलं राव शास्त्रज्ञांनी’ असं म्हणत त्यांच्या गाड्या उतार उतरून गेल्या. आम्ही चारपर्यंत बसलो. आजोबा दर उल्केला वहीत एक रेघ ओढत, पाचवी आडवी. पहाटे मोजल्या तेव्हा एकतीस भरल्या. पाऊस कसला, गळकं छप्परसुद्धा यापेक्षा जास्त गळतं.

सकाळी रतीबाचं दूध घालायला आलेला दूधवाला दारातच थांबला.

‘मास्तर, एक विचारायचं राहिलं. काल पहाटे काय होतं हो ते आभाळात?’

‘काल? आज पहाटे म्हणतोस ना?’

‘आज न्हाई, काल. मंगळवारची पहाट. चार-साडेचारचा टाइम. कॅन बांधत होतो सायकलला. असा हिरवा-निळा जाळ गेला डोक्यावरून, गोठ्याच्या भिंतीवर माझी सावली पडली. एक गेला की दुसरा. म्हशी बिथरल्या.’

आजोबांनी पातेलं हातात धरलं होतं ते तसंच. आम्ही डोंगरावर चढण्याच्या वीस-एक तास आधी खरा खेळ होऊन गेला होता. त्या वर्षी अग्निगोलांचा, म्हणजे फार तेजस्वी उल्कांचा, मोठा लोट कित्येक तास चालला आणि त्याचा जोर शास्त्रज्ञांनी दिलेल्या वेळेच्या सुमारे सोळा तास आधी होता. जगातले दुर्बिणीवाले त्याची वाट पाहत नव्हते, आणि नगरमध्ये तो पाहिला एका दूधवाल्याने.

आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘रात्री चोर येतो तसा तो दिवस येईल, असं लिहिलंय. तुम्ही निघालात घड्याळ लावून.’

आजोबांना हे लागलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी चहा दुसऱ्यांदा मागितला नाही.

मी हे इतकं लांबण लावून सांगते आहे, कारण ‘विज्ञान आणि विश्वास’ हा विषय निघाला की लोक गॅलिलिओपासून सुरुवात करतात, आणि भविष्यवाणी म्हटलं की नॉस्ट्रडॅमसपासून. माझ्यापुरते हे दोन्ही विषय एका पातेल्यापाशी सुरू झाले. शाळेतला सूर्यमाला शिकवणारा माणूस आणि बायबलातलं, आमच्या भाषेत पवित्र शास्त्रातलं, दानीएलाचं पुस्तक शिकवणारा माणूस एकच होता, आणि त्याचा अंदाज चुकलेला मी जवळून पाहिला होता.

या उल्कांची गोष्ट आमच्या नगरच्या मंडळीच्या गोष्टीला एका विचित्र ठिकाणी चिकटलेली आहे. अमेरिकन मिशनरी नगरला आले 1831 मध्ये. त्यांना पाठवणारं मंडळ बोस्टनचं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 13 नोव्हेंबर 1833 च्या पहाटे, त्यांच्या मागे राहिलेल्या देशात आकाश फुटलं. तासाला हजारो, काहींच्या अंदाजाने लाखभर उल्का. लोक झोपेतून उठून रस्त्यावर गुडघे टेकून बसले. ज्याच्या घरी पवित्र शास्त्र होतं त्याला त्यातल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाचा सहावा अध्याय पाठ होता: सहावा शिक्का फुटतो, मोठा भूकंप होतो, सूर्य काळा पडतो, आणि वाऱ्याने हाललेल्या अंजिराच्या झाडावरून कच्ची फळं गळावीत तसे तारे पृथ्वीवर पडतात. 1755 चा लिस्बनचा भूकंप आणि 1780 च्या मे महिन्यात न्यू इंग्लंडमध्ये भर दुपारी पडलेला अंधार लोकांच्या स्मरणात होताच. तो अंधार जंगलाच्या वणव्यांच्या धुराचा होता, हे आता कळतं. भूकंप झाला, सूर्य झाकला, आता तारे पडले. क्रम बरोबर जुळत होता.

येल कॉलेजात डेनिसन ओल्मस्टेड नावाचे प्राध्यापक होते. त्यांना शेजाऱ्याने उठवलं. त्यांनी आकाश पाहिलं आणि सकाळी स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: तुम्ही काय पाहिलं, कुठून पाहिलं, किती वाजता पाहिलं, मला कळवा. ते पत्र पुढे गावोगावच्या पत्रांनी छापलं आणि उत्तरांचा ढीग आला. त्या ढिगातून एक गोष्ट निघाली. सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फुटल्यासारख्या दिसत होत्या, आणि रात्र सरत गेली तसा तो बिंदू ताऱ्यांबरोबरच पश्चिमेकडे सरकत गेला. म्हणजे उल्का हवेत तयार होत नव्हत्या. त्या पृथ्वीच्या बाहेरून येत होत्या. उल्कांचं शास्त्र जवळजवळ त्या सकाळी जन्मलं. एकाच रात्रीत कुणाला जगाचा शेवट दिसला आणि कुणाला एका नव्या विषयाची सुरुवात. कित्येकांना दोन्ही दिसलं असेल, कारण तेव्हाचे अमेरिकन प्राध्यापक बहुतेक सगळे रविवारी चर्चमध्येच असत.

पण त्या रात्रीचा मला सर्वांत जवळचा साक्षीदार येलमधला नाही. मेरीलँडमध्ये पंधरा-एक वर्षांचा एक गुलाम मुलगा तेव्हा जागा होता. पुढे तो फ्रेडरिक डग्लस या नावाने गुलामगिरीविरुद्धचा केवढा मोठा वक्ता झाला. आत्मचरित्रात त्याने त्या पहाटेबद्दल लिहिलंय. तारे पडताना पाहून त्यालाही वाटलं, हे मनुष्याच्या पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, पुन्हा येण्याचं चिन्ह असेल. आणि त्या वेळी त्याची मन:स्थिती अशी होती की येशूला मित्र आणि सोडवणारा म्हणून हाक मारायला तो तयार होता.

लहानपणापासून मी ‘शेवटचा दिवस’ हा शब्द भीतीनेच ऐकला होता. शेवट व्हावा असं कुणाला वाटत असेल, हे डग्लस वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्या पाठीवर चाबूक आहे त्याला हे जग संपणं ही सुवार्ता आहे. प्रकटीकरण ज्यांच्यासाठी लिहिलं गेलं ती माणसंही रोमच्या टाचेखाली होती, पुण्याच्या फ्लॅटमध्ये हप्ते भरत नव्हती. त्या पुस्तकाचा आमच्याकडे जो कोड्यासारखा वापर होतो, त्यात हे साफ निसटतं.

कोडं म्हणून वापरणाऱ्यांत सर्वांत प्रामाणिक माणूस विल्यम मिलर. न्यूयॉर्क राज्यातला बॅप्टिस्ट शेतकरी. दानीएल 8:14 मध्ये ‘दोन हजार तीनशे’ दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असं वाक्य आहे. मिलरने त्याचा अर्थ येशूचं पुन्हा येणं असा घेतला, एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं आणि इसवी सनापूर्वी 457 पासून मोजायला सुरुवात केली, कारण त्या वर्षी पारसाच्या, म्हणजे इराणच्या, राजाने यरुशलेमसंबंधी आज्ञा दिली होती. 2300 मधून 457 गेले, 1843 उरले. मग लक्षात आलं की इसवी सनात शून्य वर्ष नाहीच. एक वर्ष पुढे सरकलं. शेवटी त्याच्या चळवळीतल्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी बटाटे शेतातच राहू दिले. पांढरे झगे घालून लोक टेकड्यांवर चढले असं पुढे सांगितलं गेलं, त्याला मात्र आधार सापडत नाही; ती टिंगल मागाहून चिकटलेली आहे. चढले असते तरी मी हसले नसते. मी स्वतः दोन स्वेटर घालून चढलेली आहे.

23 तारखेची सकाळ उजाडली. हायरम एडसन नावाच्या त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवलंय की आम्ही दिवस उजाडेपर्यंत रडत राहिलो. त्याआधीच, पहिली मुदत टळली तेव्हा, मिलरने जाहीरपणे आपली चूक कबूल केली होती. येशूच्या येण्याची आशा त्याने सोडली नाही, आणि 1849 मध्ये तो वारला. रडणाऱ्यांतले काही घरी गेले, काहींनी धर्म सोडला. काही म्हणाले, तारीख बरोबर होती, घटना आपण चुकीची समजलो. शुद्ध झालं ते स्वर्गातलं पवित्रस्थान. त्यांच्यातून 1863 मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यात औंध रस्त्यावरून जाताना स्पायसरचं आवार लागतं, ते त्यांचंच. न झालेल्या एका दिवसातून शाळा, दवाखाने, विद्यापीठं निघाली, याचं मला अजून नवल वाटतं. पण ‘तारीख बरोबर होती’ हे उत्तर मात्र मला पचत नाही. जी गोष्ट कुणाला दिसणारच नाही अशा ठिकाणी घडली म्हणून सांगायचं, तिथे मोजणीचा उपयोग काय?

तेव्हा विज्ञानवाल्यांनी फार खुश होऊ नये. त्यांचाही एक 22 ऑक्टोबर आहे.

1833 नंतर जुन्या नोंदी चाळून ह्यूबर्ट न्यूटन नावाच्या येलच्याच गणितज्ञाने या उल्कांचा माग थेट इसवी सन 902 पर्यंत नेला. सुमारे तेहतीस वर्षांचं चक्र आहे, पुढचा पाऊस नोव्हेंबर 1866 मध्ये, असं त्याने सांगितलं. आणि 1866 मध्ये युरोपच्या आकाशात तो पडला! त्याच सुमारास टेम्पल-टटल हा तेहतीस वर्षांनी फेरी मारणारा धूमकेतू सापडला आणि उल्का म्हणजे त्याने मागे सोडलेली धूळ, हे जुळलं. आता 1899 ची काय ती शंका? वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला, लोक गच्च्यांवर चढले, आणि काही पडलं नाही. उल्काशास्त्राची लोकांत एवढी नाचक्की पुन्हा झाली नसेल. मजा म्हणजे स्टोनी आणि डाउनिंग या दोन शास्त्रज्ञांनी ऐनवेळी आकडेमोड करून बजावलं होतं की गुरू आणि शनीच्या ओढीने धुळीचा पट्टा बाजूला सरकलाय, फार आशा धरू नका. पण तोवर माणसं शाल घेऊन गच्चीवर पोचलेली होती.

पुढचं आजोबांना फार आवडायचं. चूक झाली तेव्हा आकाशात कुठेतरी अदृश्य पाऊस पडला असं कुणी म्हटलं नाही. गणित उघडलं. धूमकेतूच्या प्रत्येक फेरीतली धूळ वेगळी धरायची, प्रत्येक पट्ट्यावर ग्रहांची ओढ वेगळी मोजायची, हे पुढे शंभर वर्षांत हळूहळू जमलं. 1998 चाही उलगडा झाला: दूधवाल्याने पाहिलेले ते अग्निगोल धूमकेतूच्या 1333 च्या फेरीत सुटलेल्या जाड खड्यांचे होते. म्हणजे नामदेव महाराज हयात असताना निघालेले खडे आमच्या दूधवाल्याच्या म्हशी बिथरवायला 1998 साली पोचले. आणि 1999 साठी मॅकनॉट आणि ॲशर या शास्त्रज्ञांनी जी वेळ दिली ती थोड्या मिनिटांच्या फरकाने बरोबर आली. भारतात तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. लख्ख ऊन. यरुशलेमवर अजून रात्र होती. तिकडे दिसला तो पाऊस. आम्ही दात घासत होतो.

1999 हे वर्ष माझ्यासाठी वाईट गेलं, पण उल्कांमुळे नाही. उन्हाळ्यात गावात उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास जागवण्याच्या सभा, झाल्या. बाहेरून एक प्रचारक आले होते; नाव सांगत नाही, आवाज मात्र अजून आठवतो. त्यांनी भिंतीवर कापडी तक्ता टांगला. दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातला पुतळा: सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, पावलं अर्धी लोखंडाची अर्धी मातीची. प्रत्येक धातूपुढे एकेक साम्राज्य. खाली उजव्या कोपऱ्यात लाल शाईत 2000. प्रकटीकरणातल्या श्वापदाचा अंक 666 बारकोडमध्ये लपलाय, 1 जानेवारीला जगातले कॉम्प्युटर बंद पडतील, विमानं कोसळतील, विश्वासणारे वर घेतले जातील आणि बाकीचे मागे राहतील.

मी मागे राहणाऱ्यांतली, याबद्दल मला शंका नव्हती. रात्री उठून आजी पलंगावर आहे ना हे मी चाचपायची. एके दिवशी शाळेतून आले तर दार सताड उघडं, चुलीवर भाताचं पातेलं, घरात कुणी नाही. आजोबा नाहीत, आजी नाही, पप्पा-मम्मी कामावर. मला कळून चुकलं. सगळे गेले! उंबऱ्यावर बसून मी इतकी रडले की शेजारच्या काकू धावत आल्या. काकू रोज कालनिर्णय उलटून राशिभविष्य वाचायच्या, त्यामुळे त्या मागे राहणार हे मी धरूनच चालले होते. त्यांना पाहून माझा हुंदका आणखी वाढला. मग कोपऱ्यावरून आजी आली. डोक्यावर दळणाचा डबा. गिरणीत वीज गेली होती म्हणून उशीर झाला.

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात एक ओळ आहे: दोघी जात्यावर दळीत असता एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. आमच्याकडे दळायला गेलेली परत आली. आजोबांनी हा प्रकार ऐकला तेव्हा ते हसले नाहीत. त्या रविवारी शब्बाथ शाळेत त्यांनी दानीएल बाजूला ठेवला आणि योना काढला.

योनाचं पुस्तक लहान मुलांना माशासाठी सांगतात. आजोबांनी मासा दोन मिनिटांत उरकला. निनवेत जाऊन योनाने सांगितलं काय? आणखी चाळीस दिवस, मग निनवे पालथं होईल. अट नाही, ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. चाळीस दिवस झाले. झालं का पालथं? नाही. राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट पांघरलं आणि देवाने विचार बदलला. मग आजोबांनी पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली कसोटी वाचून दाखवली: संदेष्ट्याने सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हे. ‘आता सांगा,’ ते आम्हाला म्हणाले, ‘या कसोटीवर योना पास की नापास?’

आम्ही गप्प. एक मुलगा म्हणाला, नापास. आजोबा म्हणाले, ‘योनालाही तसंच वाटलं. म्हणून तर तो रुसून गावाबाहेर जाऊन बसला.’

यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात याचीच दुसरी बाजू आहे, ती मी बऱ्याच नंतर वाचली. यिर्मयाला मंदिराविरुद्ध बोलला म्हणून मारायला निघाले होते. तेव्हा काही वडीलधारे उठून म्हणाले, शंभर वर्षांपूर्वी मीखा या संदेष्ट्यानेही म्हटलं होतं की सीयोन शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीया राजाने त्याला मारलं का? राजा देवाला भ्याला आणि अरिष्ट टळलं. एक न घडलेलं भाकीत साक्षीला उभं करून एका माणसाचा जीव वाचवला. मिलरच्या तक्त्यात अशा भाकितासाठी रकानाच नव्हता.

माझा काका तेव्हा पुण्यात एका कंपनीत कोबोल या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या जुन्या प्रोग्रामांतली वर्षं दोन आकड्यांची चार आकडी करत होता, नाहीतर 2000 साली ‘00’ आलं की कॉम्प्युटर ते 1900 समजतील म्हणून. दोन वर्षं तेच काम. 31 डिसेंबर 1999 ची रात्र त्याने ऑफिसात काढली. आम्ही चर्चमध्ये वर्षअखेरच्या उपासनेत. बारा वाजले. दिवे तसेच राहिले. मी डोळे किलकिले करून आजीकडे पाहिलं. ती जागेवर होती आणि जांभई देत होती. जानेवारीत सगळे काकाला म्हणायला लागले, उगाच बाऊ केला, काहीच तर झालं नाही. काका चिडायचा. त्याने योना वाचला होता की नाही कोण जाणे, पण रुसून बसणं अगदी तसंच.

ओझोनचंही तेच. मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये सांगितलं की फ्रिज आणि स्प्रेमधला वायू वरचा ओझोन खातोय. 1987 मध्ये माँट्रियलला करार झाला, त्या वायूंचं उत्पादन थांबत गेलं, आता तो थर सावरतो आहे. त्यांनी वर्तवलेली मोठी हानी टळली, आणि ती टळावी म्हणूनच ते बोलले होते.

इथे माझ्या डोक्यात दोन जातीची भाकितं वेगळी झाली. उल्कांना आपण ऐकतो की नाही याने काडीचा फरक पडत नाही. त्या गुरूच्या ओढीने येतात. निनवेला फरक पडला. पंचांगातलं ग्रहण आणि आमोस या संदेष्ट्याची ताकीद यांना एकाच तराजूत घातलं की दोन्हीकडे घोटाळा होतो. हिंदी पवित्र शास्त्रात ‘भविष्यद्वक्ता’ म्हणतात. आमच्या मराठीत ‘संदेष्टा’. निरोप आणणारा. निरोपाला उत्तर देता येतं, ग्रहणाला नाही. हा मराठी शब्द ज्याने कुणी पक्का केला त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

हे सगळ्या ख्रिस्ती लोकांना पटतं असं नाही. प्रकटीकरण पहिल्या शतकातल्या रोमबद्दल आहे म्हणणारे आहेत, ते सबंध इतिहासाचं वेळापत्रक आहे म्हणणारे आहेत, सगळं अजून पुढेच व्हायचंय म्हणणारे तर युट्यूबवर पावलोपावली. दानीएलाच्या पुस्तकाला विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी 165 च्या आसपासचं धरतात, अंतियोखस या ग्रीक राजाने यरुशलेमचं मंदिर विटाळलं त्या काळातलं. आमच्या मंडळीत हे बोलून दाखवलं तर पुढचे दोन रविवार शेजारी कुणी बसणार नाही. आजोबा यावर वाद घालत नसत. ते एवढंच विचारत, ‘सिंहाच्या गुहेत दानीएल काय करत होता, दिवस मोजत होता का?’ मला हे उत्तर थोडं पळपुटं वाटतं, अजूनही. पुस्तक कधी लिहिलं गेलं या प्रश्नाला सिंह हे उत्तर नव्हे.

2003 मध्ये जगभर बातमी झळकली की आयझॅक न्यूटनने जगाचा शेवट 2060 मध्ये सांगितलाय. आजोबांनी कात्रण कापून ठेवलं. न्यूटनने धर्मग्रंथांवर गणितापेक्षाही जास्त कागद खर्ची घातले हे खरं. दानीएल आणि प्रकटीकरणावरचं त्याचं पुस्तक मरणानंतर, 1733 मध्ये निघालं. 2060 चा आकडा यरुशलेमला ठेवलेल्या त्याच्या हस्तलिखितांत आहे. शार्लमेनला राज्याभिषेक झाला ते वर्ष 800, त्यात दानीएलाची 1260 वर्षं. पण बातमीत आलं नाही ते त्याच चिठोऱ्यावरचं पुढचं वाक्य. न्यूटन म्हणतो, शेवट कधी हे ठासून सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. उठसूट तारखा देणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून लिहितो, कारण त्यांची तारीख चुकली की दर वेळी पवित्र भाकितांची अब्रू जाते. पुस्तकातही त्याने लिहिलं की भाकितं माणसाची उत्सुकता भागवायला दिलेली नाहीत. घटना घडून गेल्यावर मागे वळून ओळखायला दिलेली आहेत. गुरुत्वाकर्षणाने धूमकेतू पुन्हा येण्याची वेळ काढता येईल असं गणित देणारा माणूस पवित्र शास्त्राच्या बाबतीत मात्र पुढची वेळ काढायला नको म्हणतो. दोन्हीकडे त्याचीच अक्कल चालली होती.

अशी सावधगिरी उलट दिशेनेही लागते. आपल्या नारळीकरांनी आयुष्यभर ज्या महास्फोटाच्या सिद्धांताशी वाद घातला, त्याचा पाया बेल्जियमच्या जॉर्ज लेमेत्र या कॅथलिक धर्मगुरूने घातला: 1927 मध्ये प्रसरण पावणारं विश्व, 1931 मध्ये ते ज्यातून सुरू झालं तो आदिम अणू. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी हर्षाने भाषण केलं की विज्ञानाने आता पवित्र शास्त्रातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ‘प्रकाश होवो’ची साक्ष दिली. सर्वांत आधी अस्वस्थ झाले ते लेमेत्रच. सिद्धांत उद्या पडला तर काय करणार? व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखांना सोबत घेऊन त्यांनी समजूत काढली, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी ते पुन्हा म्हटलं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. मी अंगठा देत नाही, एवढंच करते.

आजोबा गेल्यावर त्यांचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. काळं रेक्झिन, पाठीला चिकटपट्टी, कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे दुमडलेले. मत्तय 24 चं पान आपोआप उघडतं. तारे पडतील ते तिथेच, चोर येणार तो तिथेच, जात्यावर दळणाऱ्या दोघीही त्याच पानावर. छत्तिसाव्या ओळीखाली, त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही असं जिथे आहे तिथे, पेन्सिलची रेघ. आणि बाजूच्या कडेला, वहीतून उतरवून घेतल्यासारख्या, बारीक अक्षरात नोंदी:

98. डोंगर. 31. खरा आदल्या पहाटे (दूधवाला).

99. वेळ बरोबर. उजाडलं होतं.

2000. चंद्र.

2001. गच्ची. शंभरानंतर मोजणं सोडलं. हिला उठवलं.